हिरवा नकाशा, अडकलेल्या नोंदी: रेंज तपासणाऱ्या ॲपबद्दलची मते आणि एका दूध संस्थेचा निर्णय

पार्श्वभूमी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका छोट्या दूध संस्थेचे हे प्रकरण आहे. माणसांची आणि गावांची ओळख पटू नये म्हणून केंद्रांना इथे साधी नावे दिली आहेत: बाजारातले, देवळाकडचे, नदीकाठचे, घाटाखालचे आणि कुळागरातले (कुळागर म्हणजे सुपारी-नारळाची बाग). मोबाइल कंपन्यांना अ, ब, क म्हटले आहे.

प्रत्येक केंद्रावर वजनकाटा, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटखेरीज इतर घन पदार्थ) मोजणारा ॲनालायझर आणि त्यांना जोडलेले सिमचे डेटा युनिट आहे. दूध घातले की पावती छापली जाते, नोंद संस्थेच्या सर्व्हरवर जाते आणि सभासदाला एसएमएस येतो. एका नोंदीत सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि वेळ एवढेच असते. हा सगळा ऐवज काहीशे बाइटचा, म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या एका फोटोत अशा शेकडो नोंदी मावतील. ही गोष्ट सुरुवातीला कोणी लक्षात घेतली नाही, आणि पुढचा बराच गोंधळ त्यातूनच झाला.

पाचही सिम कंपनी अ ची होती. संस्थेच्या कार्यालयात तिची रेंज चांगली येते, एवढेच त्यामागचे कारण.

अडचण

काही केंद्रांवर नोंदी अडकू लागल्या. पावती निघे, पण एसएमएस येत नसे. नोंद कधी रात्री जाई, कधी दुसऱ्या दिवशी. केंद्रचालक वाट पाहून पुन्हा बटण दाबत, मग तीच नोंद दोनदा पोहोचे. पंधरवड्याचा हिशेब लागताना काही सभासदांचे दूध दुप्पट दिसले आणि काहींचे दिसलेच नाही. पैशांचा प्रश्न असल्यामुळे विषय थेट संचालक मंडळापुढे गेला. ‘रेंज नाही’ या दोन शब्दांत सगळे दुखणे मांडले गेले.

ते दुखणे एक नव्हते. तीन अडचणी एकावर एक बसल्या होत्या, आणि एका केंद्रावर तर तीन दिवसांची तक्रार रेंजची नव्हतीच. त्या सिमचे २८ दिवसांचे रिचार्ज संपले होते. सिग्नल भरपूर, डेटा बंद. असले कारण शोधायला ॲप लागत नाही, पण ते शेवटीच सापडते.

समोरचे पर्याय

सचिवांनी पाच पर्याय मांडले.

सगळी सिम एकदम कंपनी क ची घ्यायची, हा सर्वांत सोपा पर्याय. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने २ ऑगस्ट २०२४ रोजी काढलेल्या आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. त्या नकाशांत कंपनी क पाचही ठिकाणी हिरवी दिसत होती. पण असे नकाशे मुख्यतः टॉवरची उंची, वारंवारता आणि भूप्रदेश धरून गणिताने काढलेले असतात. घराच्या आत टेबलावर काय पोहोचते ते त्यांत कळत नाही.

केंद्रांना फायबर जोडणी घेणे हा दुसरा पर्याय. बाजारात ते शक्य होते, कुळागरात तार पोहोचतच नव्हती. तिसरा पर्याय बूस्टरचा, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राचा. एका संचालकांनी ऑनलाइन पाहिलेले यंत्र सुचवले, पण परवान्याशिवाय सिग्नल बूस्टर लावणे भारतात बेकायदा आहे. शिवाय स्वस्त बूस्टर टॉवरकडे गोंगाट पाठवतो आणि शेजारच्यांचीही रेंज बिघडवतो. हा पर्याय तिथेच संपला, ते बरेच झाले.

चौथा पर्याय यंत्राच्या पुरवठादाराकडून ‘आधी साठव, मग पाठव’ ही सोय सुरू करून घेण्याचा. आणि पाचवा, रेंज मोजणारे मोफत ॲप गावातल्यांच्या मोबाइलवर टाकून कुठल्या कंपनीची रेंज कुठे आहे ते स्वतः पाहण्याचा. पाचवा निवडला गेला. चौथा खरे तर त्याच दिवशी करायला हवा होता.

पहिली फेरी: मते आली, उत्तर आले नाही

मे महिन्यात नऊ जणांच्या मोबाइलवर ॲप टाकले. त्यात केंद्रचालक, टँकरचा चालक, दोन शिक्षक आणि अध्यक्षांचा मुलगा होता. आठवड्याने सचिवांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: ॲप कसे वाटले? पाचपैकी किती गुण?

गुण एकपासून पाचपर्यंत सगळे आले. मते अशी:

टँकरच्या चालकाने पाच दिले. सगळीकडे हिरवे, रेंज मस्त. नदीकाठच्या केंद्रचालकाने एक दिला: “नकाशार रेंज आसा, घरांत ना.” (नकाशावर रेंज आहे, घरात नाही.) अध्यक्षांच्या मुलाला सिग्नलचा आकडाच दिसत नव्हता, त्याने ॲप काढून टाकले. एका शिक्षकाच्या मते ॲपमध्ये गोवाच नव्हता. दुसऱ्याचा दिवसाचा डेटा दुपारपर्यंत संपला. देवळाकडच्या चालकाच्या मोबाइलवर चार काड्या आणि ॲपमध्ये पिवळा रंग, म्हणून त्याने ॲपला खोटे ठरवले. घाटाखालच्या चालकाने लिहिले, “अंगणात ९२, आत ११८. आत जास्त रेंज आहे.”

बैठकीत यावर तासभर वाद झाला आणि ‘ॲप भरवशाचे नाही’ असा ठराव होता होता राहिला. प्रकरणातला हा पहिला निर्णयबिंदू. सचिवांनी ठराव थांबवला आणि एकेका मताच्या मागचा मोबाइल, जागा आणि वेळ विचारून घेतली. मग मते एकमेकांविरुद्ध राहिली नाहीत.

टँकर रस्त्यावरून जातो आणि चालकाचा मोबाइल काचेजवळ असतो. त्याने मोजली ती रस्त्यावरची रेंज, आणि ती खरोखर चांगली होती. ओपनसिग्नल किंवा एनपर्फ यांसारख्या ॲपचे नकाशे लोकांनी फिरता फिरता केलेल्या मोजण्यांवर रंगतात. गावात मोजणारे मोजकेच, आणि तेही रस्त्याने जाणारे. म्हणून डोंगराळ भागात असा नकाशा म्हणजे बहुतेक रस्त्याचाच नकाशा असतो. घर त्या हिरव्या पट्ट्यापासून दोनशे मीटर आत असले तरी चौकोन हिरवाच रंगतो.

नदीकाठचे केंद्र जाड चिऱ्यांच्या भिंतींचे आणि वर पत्र्याचे. टॉवर टेकडीवर आहे, म्हणजे सिग्नल वरून येतो आणि पत्रा तो परतवतो. उरलेला चिऱ्यांतून झिरपतो. मंगळुरी कौले असती तर थोडे बरे झाले असते.

अध्यक्षांच्या मुलाकडे आयफोन होता. आयफोन बाहेरच्या ॲपना सिग्नलचा डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचे एकक) आकडा वाचू देत नाही. तो पाहायचा तर डायल पॅडवर *३००१#१२३४५#* टाकून फील्ड टेस्टमध्ये जावे लागते. म्हणजे दोष ॲपचा नव्हता, पण या कामाला आयफोन निरुपयोगी होता.

गोवा सापडला नाही, कारण दूरसंचार खात्याच्या विभागणीत गोव्याचे वेगळे सर्कल, म्हणजे सेवाक्षेत्र, नाही. गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतो, आणि ॲपच्या यादीत तेच नाव होते. डेटा संपला तो स्पीड टेस्टमुळे. चांगल्या ४जी वा ५जीवर एक चाचणी शंभर एमबीच्याही पुढे जाऊ शकते, आणि शिक्षकाने दर तासाची आपोआप चाचणी सुरू ठेवली होती.

काड्यांचे म्हणाल तर किती डीबीएमला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक मोबाइल कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. काड्या पाहून दोन मोबाइलची तुलना करूच नये.

आणि ९२, ११८ या आकड्यांपुढे उणे चिन्ह असते. उणे ९२ हे उणे ११८ पेक्षा कितीतरी चांगले. दर १० डीबीने शक्ती दहापट घटते, म्हणजे २६ डीबीचा फरक जवळजवळ चारशेपट. ‘आत जास्त रेंज’ असे लिहिणाऱ्याने मोजणी अचूक केली होती, फक्त वाचन उलटे केले होते. नऊ जणांत सर्वांत उपयोगी नोंद त्याचीच ठरली. जागा सांगून दोन आकडे देणारा तो एकटाच होता.

दुसरी फेरी: मत नको, मोजणी हवी

गुणांचा रकाना काढून टाकला. नवा कागद सहा रकान्यांचा: जागा (यंत्राचे टेबल, ओटा, रस्ता), वेळ, कंपनी, २जी की ४जी, आकडा, टॉवरचा सेल आयडी (ओळख क्रमांक). मोजणीची रीतही ठरवून दिली:

एकच अँड्रॉइड मोबाइल पाचही केंद्रांवर न्यायचा. एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन मोबाइलच्या आकड्यांत ६ डीबीचा फरक दिसला होता, त्यामुळे ज्याचा-त्याचा मोबाइल चालणार नव्हता. अ, ब, क ची सिम एकाच खाचेत आळीपाळीने घालायची आणि तेच डेटासाठी निवडायचे. दोन सिम असली की बरीच ॲप डेटाच्या सिमचाच आकडा दाखवतात आणि आपण दुसऱ्याचा समजून लिहितो. ५जी बंद ठेवायचे, कारण वर ५जीचे चिन्ह दिसले तरी आकडा ४जीचा असू शकतो. लोकेशन चालू ठेवायचे. अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी नसेल तर ॲपला टॉवरची माहिती मिळत नाही. स्क्रीन उघडी ठेवायची आणि बॅटरी वाचवण्याची सोय बंद करायची, नाहीतर जुनाच आकडा पडद्यावर चिकटून राहतो. मोबाइल हातात न धरता यंत्राच्या जागी टेबलावर ठेवायचा, तीन मिनिटे थांबायचे, दहा-दहा सेकंदांनी पाच आकडे लिहायचे आणि त्यांतला मधला घ्यायचा. सकाळी सहा वाजता एकदा, संध्याकाळी साडेपाचला एकदा.

नदीकाठच्या केंद्रावर कंपनी अ चे ४जीचे आकडे असे आले: रस्त्यावर उणे ९२, ओट्यावर उणे १०४, टेबलावर उणे ११८. कंपनी ब चे टेबलावर उणे १०९. ॲपने वारंवारता दाखवली तेव्हा कारण कळले. अ चा सिग्नल तिथे २३०० मेगाहर्ट्झवर होता आणि ब चा ९०० वर. कमी वारंवारतेचा सिग्नल भिंतीतून अधिक शिल्लक राहतो.

बाजारातल्या केंद्राने सगळ्यांना चकवले. तिथे उणे ८४, म्हणजे उत्तम, तरी संध्याकाळी नोंदी अडकत. सिग्नलची ताकद आणि टॉवरवरची गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्ता रुंद असला म्हणजे तो मोकळा असतो असे नाही. आठवडी बाजाराच्या संध्याकाळी उत्तर यायला वेळ लागे आणि डेटा युनिट दहा सेकंदांत हात टेकून ‘अयशस्वी’ दाखवी. पुरवठादाराने ती मर्यादा ४५ सेकंद केली आणि त्या केंद्राची तक्रार जवळपास संपली. सिम बदलावे लागले नाही.

घाटाखाली मोबाइलवर मधूनच रोमिंगची खूण येई. सेल आयडी पाहता तो टॉवर चोर्ला घाटाच्या वरचा, कर्नाटक सर्कलमधला निघाला. उंचावरचा दूरचा टॉवर कधी जवळच्यापेक्षा जोरात ऐकू येतो. महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडचा टॉवर पकडला असता तर रोमिंगची खूण आली नसती, कारण सर्कल एकच.

कुळागरातल्या केंद्रावर तिन्ही कंपन्यांचा आकडा उणे १२० च्या आसपास किंवा काहीच नाही. तिथे मोजणीने एवढेच सांगितले की सिम बदलून उपयोग नाही.

निर्णय, आणि तो चुकता चुकता कसा राहिला

देवळाकडे आणि घाटाखाली टेबलावरचे ४जीचे सर्वांत चांगले आकडे कंपनी क चे होते. नकाशा हिरवा, मोजणीही चांगली. त्या दोन केंद्रांसाठी क ची सिम आणायचे ठरलेसुद्धा.

सिम बदलायला आलेल्या तंत्रज्ञाने डेटा युनिट उलटे केले आणि मागची पट्टी वाचली: जीएसएम ९००/१८००. या दोन केंद्रांची युनिटे जुनी, फक्त २जी चालणारी होती. कंपनी क कडे २जी जाळेच नाही. सिम घातले असते तर ज्या नोंदी जात होत्या, त्याही बंद पडल्या असत्या. आठवडाभर मोबाइलवर ४जी मोजले आणि ज्या यंत्रासाठी मोजले त्याला ४जी ठाऊकच नव्हते! प्रकरणातला हा सर्वांत मोठा धडा, आणि तो ॲपमधल्या कुठल्याच पडद्यावर दिसला नसता.

मोबाइल ‘फक्त २जी’वर ठेवून दोन्ही केंद्रे पुन्हा मोजली. इथे एक सावधगिरी लागते. ४जीचा आकडा (आरएसआरपी) वाहिनीच्या एका बारीक तुकड्याची, म्हणजे उपवाहकाची, शक्ती सांगतो, २जीचा आकडा अख्ख्या वाहिनीची. म्हणून ४जीवर उणे १०० चालण्याजोगा असतो, पण २जीवर उणे १०० म्हणजे काठावरची रेंज. दोन आकडे शेजारी लिहून तुलना करायची नाही. २जीवर घाटाखाली ब चा आकडा उणे ८९ आणि अ चा उणे १०१ आला. देवळाकडे दोन्ही सारखे, त्यामुळे तिथे अ तसेच ठेवले.

पोर्ट करावे की नवे सिम घ्यावे, यावर थोडी चर्चा झाली. पोर्टसाठी १९०० वर संदेश पाठवून कोड घ्यावा लागतो. संस्थेच्या नावावरची जोडणी असेल तर त्याला पाच कामाचे दिवस लागतात, आणि नंतर ९० दिवस पुन्हा हलता येत नाही. डेटा युनिटचा नंबर कोणाला पाठ नसतो. म्हणून नदीकाठी आणि घाटाखाली ब ची नवी सिम घेतली आणि जुनी रिचार्ज संपेपर्यंत कपाटात ठेवली.

नदीकाठी त्याशिवाय बाहेरचा अँटेना लावला. युनिटला त्याची जोडणी आधीपासूनच होती. अँटेना ओट्यावरच्या खांबाला, पत्र्याच्या कडेपासून बाहेर. वायर पाच मीटर. साधी आरजी-५८ वायर ९०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण अर्धा डीबी खाते, म्हणजे इथे अडीच डीबी गेले. खांब पंधरा मीटरवर असता तर साडेसात गेले असते आणि अँटेनाचा निम्मा फायदा वायरीतच विरला असता. जोडणीवर पाणी जाऊ नये म्हणून वायरीला खाली एक वळसा दिला आणि वर रबरी टेप गुंडाळली. पावसात पाणी वायर धरूनच आत शिरते.

घाटाखाली नेटवर्क आपोआप निवडण्याची सोय बंद करून घरचे जाळे हाताने निवडले. पाचही युनिटांवर ‘साठव आणि पाठव’ सुरू केले. प्रत्येक नोंदीला यंत्राचा अनुक्रमांक जोडला, म्हणजे बटण दोनदा दाबले तरी सर्व्हर दुसरी नोंद नाकारतो.

निकाल

जूनच्या मध्यापर्यंत नदीकाठच्या आणि घाटाखालच्या नोंदी त्याच वेळी पोहोचू लागल्या. दुहेरी नोंदी थांबल्या. त्याचे श्रेय अनुक्रमांकाला, ॲपला नाही.

मग जुलैत देवळाकडचे केंद्र बिघडले. मे महिन्यात त्याची एकही तक्रार नव्हती. सगळ्यांनी पावसाला दोष दिला. या वारंवारतांवर पावसाच्या थेंबांनी फारसे काही होत नाही, ओल्या झाडोऱ्याने थोडे होते. मोबाइलवर पाहिले तर नेहमीचा सेल आयडी गायब आणि दूरचा दुसराच आलेला. वीज गेली होती आणि काही तासांनी टॉवरची बॅटरी संपली होती. सिग्नल कमकुवत होणे आणि टॉवर बंद पडणे यांतला फरक सेल आयडीवरूनच कळतो. काड्या दोन्ही वेळा सारख्याच पडतात. साठवलेल्या नोंदी वीज आल्यावर आपोआप गेल्या, त्यामुळे वाद झाला नाही. कंपनीकडे तक्रार करताना तारीख, वेळ आणि सेल आयडी दिला, तेव्हा ‘मोबाइल बंद करून चालू करा’ हे उत्तर आले नाही.

कुळागरातल्या नोंदी रोज सकाळी पेन ड्राइव्हवर टँकरबरोबर कार्यालयात जातात. तिथल्या सभासदांना एसएमएस साडेदहाला येतो, आणि तसे केंद्राच्या दारावर लिहून लावले आहे.

वेगळे काय करता आले असते

यंत्राची मागची पट्टी पहिल्याच दिवशी वाचायला हवी होती. यंत्र २जी की ४जी, कुठल्या बँडवर चालते आणि बाहेरच्या अँटेनाची जागा आहे का, हे कळल्याशिवाय कुठले ॲप आणि काय मोजायचे ते ठरत नाही.

‘साठव आणि पाठव’ची सोय मोजणीच्या आधी सुरू केली असती तर सभासदांचा महिनाभराचा मनस्ताप वाचला असता. रेंज मग सावकाश शोधता आली असती.

मेमध्ये केलेली मोजणी मेपुरतीच खरी होती. पावसाळ्यातल्या पहिल्या आठवड्यात, वीज गेलेली असताना, एक फेरी पुन्हा करायला हवी होती.

आणि नऊ जणांकडून गुण मागवणे. त्यात वाया गेला तो वेळच नव्हे. नदीकाठच्या चालकाला बैठकीत खोटे पाडले गेले, कारण टँकरवाल्याचे पाच गुण त्याच्या एका गुणापेक्षा जड वाटले. दोघांनीही आपापल्या जागेचे खरेच सांगितले होते. दुसऱ्या फेरीच्या कागदावर जागेचा रकाना पहिला ठेवला तो नदीकाठच्या चालकाच्याच सांगण्यावरून.